दोन्ही बाजूंना एक्स

“मैडम जी, कल तो एक्स पाँच था! आज सात कैसे हो गया?”

जबलपूरजवळ शहपुऱ्याच्या शाळेत, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, गोमती नावाच्या सातवीतल्या मुलीने उभं राहून मला हे विचारलं. आदल्या दिवशी फळ्यावर x + ७ = १२ हे समीकरण सोडवलं होतं, x बरोबर पाच आलं होतं. गोमतीने ते घरी जाऊन पाढ्यासारखं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी मी x + ३ = १० लिहिलं, तर तिने न बघताच पाच लिहून टाकलं. मी सात म्हटल्यावर तिला वाटलं, मॅडम शब्द फिरवतात. अख्खा वर्ग हसला, मीही हसले. पण गोमती हसली नाही. तिच्या दृष्टीने तिचं बरोबरच होतं. तीनला आपण रोज तीनच म्हणतो, मग एक्सने रोज वेगळं काहून व्हावं?

मी अडतीस वर्षं सरकारी मिडल शाळांमध्ये सहावी ते आठवीला गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काही लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी हात जोडले. मी कधी मुख्याध्यापिका झाले नाही, कुठला पुरस्कार मिळाला नाही. आमचे हे, रेल्वेतून निवृत्त झालेले, तिथेच बसले होते. म्हणाले, “एकच धडा जन्मभर शिकवला तिनं. त्याच्यावरच लिहायले सांगा.” ते चिडवायला बोलले, पण खोटं नव्हतं. सहावी आणि आठवीचे वर्ग मिळाले तरी माझा जीव कायम सातवीच्या ‘सरल समीकरण’ या धड्यात असायचा. तर त्याबद्दलच लिहिते. बाबा भंडाऱ्याहून इथल्या संरक्षण कारखान्यात लेथ मशीनवर काम करायला आले, तेव्हापासून आम्ही जबलपूरचे. माझं मराठी घरातलं आहे. वर्गात सगळं हिंदीत चालायचं, म्हणून काही वाक्यं जशी कानात राहिली तशीच ठेवली आहेत.

ज्यांनी शाळा सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगते. समीकरणात एक आकडा लपलेला असतो, आणि त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट आपल्याला सांगितलेली असते. ‘त्याच्यात सात मिळवले तर बारा होतात.’ एवढ्यावरून त्याला शोधून काढायचं. मोठ्यांना हे सोपं वाटतं. पण बारा वर्षांच्या मुलीसाठी इथे फार मोठा बदल होतो. सहावीपर्यंत बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम असतो. आठ अधिक चार, बरोबर, बारा. पहिलीपासून तेच. सातवीत अचानक त्याच दोन रेघांचा अर्थ होतो, ‘डावीकडे जेवढं आहे तेवढंच उजवीकडे आहे.’ चिन्ह तेच राहतं आणि अर्थ बदलतो, आणि हे मुलींना कोणी सांगत नाही. मीसुद्धा कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

मी काय शिकवायचे, तर पक्षांतर. बरोबरच्या चिन्हाच्या या बाजूचा आकडा त्या बाजूला गेला की अधिकचा उणे होतो, उण्याचा अधिक, गुणिलेचा भागिले. मुली तालावर म्हणायच्या, “इस पार से उस पार, निशान बदल गया यार.” ही ओळ मीच जुळवली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. रोज दहा गणितं, एकाखाली एक पायऱ्या, बरोबरची चिन्हं एका ओळीत. माझ्या वर्गातल्या वह्या इतक्या नेटक्या असत की तपासणीला आलेले साहेब त्या दुसऱ्या शाळांना दाखवायला घेऊन जात.

त्याच गोमतीने एकदा विचारलं, “मैडम जी, निशान बदलता क्यों है?” मी म्हटलं, “नियम है. बैठ जाओ.” ती बसली. पुढे मटार तोडणीच्या हंगामात तिची गैरहजेरी वाढली, आठवीत तिचं नाव कमी झालं. तिच्या प्रश्नामुळे तिने शाळा सोडली असं मी म्हणत नाही. पण प्रश्न चांगला होता, आणि मी त्याला खाली बसवलं.

पुढे बदली होऊन मी जबलपूरमध्येच, घमापुरात, मुलींच्या शाळेत आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तिथे पूनम वासनिक भेटली. नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती. त्या वयात शिक्षकाला वाटतं, आता पोरीचा चेहरा बघून तिचे गुण सांगता येतात. पूनमचा चेहरा बघून मी चाळीस टक्के धरले होते. बारीक, सावळी, शेवटून दुसऱ्या बाकावर, विचारल्याशिवाय न बोलणारी. वह्या अर्ध्या कोऱ्या.

आडनावावरून ती आपली, मराठी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी तिच्याशी जास्त कडक वागायचे. एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हसत हसत म्हणालं होतं, “रामटेके मैडम की तो अपनी बच्चियाँ हैं.” तेव्हापासून आपल्या लोकांच्या मुलींना मी एक गुणसुद्धा सैल हाताने दिला नाही. त्यांच्याशी मराठीत एक शब्द बोलले नाही. मला वाटायचं, हाच न्याय.

घटक चाचणी झाली. समीकरणाचे दहा प्रश्न. पूनमच्या पेपरावर फक्त दहा उत्तरं होती. एक पायरी नाही, एक बरोबरचं चिन्ह नाही, म्हणजे हिंदीत ज्याला ‘विधि’ म्हणतात ती सोडवायची रीतच नाही. आणि दहाच्या दहा उत्तरं बरोबर. मी दहाही प्रश्नांवर लाल फुली मारली, वर शून्य लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी, बाकीचे पेपर तपासायच्या आधीच, तिचा तेवढा पेपर हातात देऊन तिला उभं केलं.

“किसका देखकर लिखा?”

“किसी का नहीं.”

“तो विधि कहाँ है?”

“विधि नहीं आती.”

वर्ग खो खो हसला. मी हसणाऱ्या मुलींना थांबवलं नाही. उलट म्हटलं, “विधि नहीं आती और उत्तर आता है! वाह. हमें भी सिखाओ यह जादू.” पूनम माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या पेपरावरच्या फुल्या मोजत असावी तशी खाली बघत होती. नंतर तिने पेपराची घडी घातली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला विशेष काही वाटलं नाही. आमच्या शाळेत मुली लग्नसराईला, शिवणाच्या हंगामाला अशा आठ-आठ दिवस गायब व्हायच्या.

रविवारी मी घरी बाकीचे पेपर तपासत बसले होते. नववा प्रश्न होता x/४ − ३ = ५. म्हणजे एका आकड्याचे चार भाग केले, त्यातल्या एका भागातून तीन काढले, तर पाच राहिले. एकापाठोपाठ एक पेपरावर दोन लिहिलेलं येत होतं. सगळ्या मुलींनी तीन इकडे आणून आठ केले आणि मग त्याला चारने गुणायच्या ऐवजी भागलं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीनेही दोनच लिहिलं होतं. नेटक्या पायऱ्या, सरळ ओळी, आणि शेवटी दोन. खरं उत्तर बत्तीस.

हे चहा घेऊन आले. मी कुरकुरत होते, “अख्ख्या वर्गात एका पोरीला नववं आलं नाही. एकीलाच आलं, अन् तीही नकल करणारी.”

ते म्हणाले, “अच्छा? मंग तिनं पाहिलं कोणाचं?”

मी सगळे पेपर पुन्हा चाळले. चाळीस मुलींत बत्तीस कोणीच लिहिलं नव्हतं. नकल करायला आधी कोणाकडे तरी बरोबर उत्तर पाहिजे. एवढी साधी गोष्ट, आणि गणिताच्या मास्तरणीला ती रेल्वेच्या माणसाने दाखवून दिली. चहा तिथेच ठेवून मी चपला घातल्या.

पूनमचं घर शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी, एक लाकडी पाट्याचं मोठं टेबल, आणि भिंतीला लागून कापलेल्या कापडाचे गठ्ठे. आपल्या जबलपुरात सलवार-सूट शिवून बाहेरगावी जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते अशा किती खोल्यांमध्ये शिवले जातात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पूनम मशीनवर बसली होती. मला बघून उठली आणि आत गेली. तिची आई, निर्मलाबाई, टेबलाजवळ कात्री घेऊन उभी होती. वय पस्तिशीच्या आतलं. नमस्कार केला, पण बसा म्हणाली नाही.

“पोरगी येऊन नाही राहिली शाळेत,” मी मराठीतच सुरुवात केली.

“नाही येणार. तुमी तिले चोर म्हटलं.”

“चोर नाही म्हटलं मी.”

“कोणाचं पाहून लिवलं म्हणून विचारलं ना सगळ्यांच्या समोर? मंग अजून काय राहिलं म्हणायचं?” कात्री टेबलावर ठेवून ती म्हणाली, “चार दिवस झाले, जेवून नाही राहिली नीट. म्हणते मशीनवरच बसतो. मले का, मले तं हात पाहिजेच कामाले. पण मले वाटलं होतं का ही शिकन.”

मी पूनमला बाहेर बोलवायला सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली. मी फक्त एवढंच विचारलं, “नववा कसा सोडवलास? जसा केलास तसा सांग.”

ती हिंदीत म्हणाली, “उलटा चलकर.” घरात मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं; ते मी मराठीत सांगते. “शेवटी पाच उरले. त्याच्या आधी तीन काढले होते, म्हणून आठ होते. त्याच्या आधी चार हिस्से केले होते, म्हणून बत्तीस होते.”

“कोणी शिकवलं?”

तिला प्रश्नच कळला नाही. आई म्हणाली, “त्याच्यात का शिकवायचं? आमी रोजच करतो ना. थान चाळीस मीटरचं, चार मीटर उरलं, नऊ सूट निघाले. मंग एकाले किती लागलं? आधी उरलेलं बाजूले काढायचं, मंग वाटायचं. हे लहान होती तेव्हापासून सांगून राहिली मले. मी कापतो अन् हे सांगते.”

मी जे चार ओळींत लिहायला शिकवत होते, ते ही मुलगी डोक्यात करत होती, आणि माझ्या वर्गातल्या चाळीस जणींपेक्षा चांगलं करत होती. ती विधी येत नाही म्हणाली होती, कारण माझी विधी म्हणजे ‘इस पार, उस पार’. ती तिला खरंच येत नव्हती.

मी तिथल्या तिथे म्हटलं, “पूनम, माझं चुकलं.” मला वाटलं, झालं. निर्मलाबाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही.

“मॅडम, राग नका मानू. वर्गात बोलल्या ना तुमी? तं वर्गातच सांगा.”

घरी येईपर्यंत मी मनात शंभर कारणं शोधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बड्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “रामटेके जी, ऐसा मत कीजिए. लड़कियाँ सिर पर बैठ जाएँगी.” त्यांचंही काही चूक नव्हतं. पण त्या दिवशी निर्मलाबाई काम सोडून पूनमला घेऊन फाटकाशी आली होती आणि आत न येता तिथेच उभी होती. मी वर्गात गेले. हजेरी घेतली. मग म्हटलं, “पूनम ने किसी का नहीं देखा था. गलती मेरी थी. नौवाँ सवाल पूरी क्लास में सिर्फ उसी का सही है.” पंचवीस वर्षांत वर्गासमोर ‘गलती मेरी थी’ असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. नंतर मी पूनमला फळ्याशी बोलावलं आणि नववा प्रश्न तिच्या पद्धतीने सांगायला लावला. ती हळू आवाजात बोलली, शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मुली डोक्यावर वगैरे बसल्या नाहीत. झालं ते वेगळंच. त्यानंतर मुली मधल्या सुट्टीत वही घेऊन यायला लागल्या, “मैडम जी, यह समझ में नहीं आया.” पंचवीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या वर्गात सगळं सगळ्यांना समजतं, कारण कोणी विचारतच नव्हतं.

इथे ही हकिकत संपली असती तर मी ती लिहिली नसती. खरी अडचण दुसऱ्या वर्षी, आठवीत आली.

सातवीत एक्स एकाच बाजूला असतो. आठवीत तो दोन्ही बाजूंना येतो. ५x + ३ = २x + १८. पूनमने ते बघितलं, पेन्सिल उचलली, आणि ठेवली. सात महिने फळ्याजवळ ताठ उभी राहायला शिकलेली पोरगी एकदम पुन्हा मागच्या बाकावरची झाली.

“उलटा कहाँ से चलूँ, मैडम जी?” ती म्हणाली. “यहाँ तो आखिर में कुछ है ही नहीं.”

तिचं बरोबर होतं. उलटं चालायला शेवट पाहिजे, एखादा कळलेला आकडा पाहिजे. इथे दोन्हीकडे न कळलेलंच. तिची पद्धत या उंबऱ्यापर्यंतच येत होती. मी म्हटलं, मग आता पक्षांतर कर. २x त्या बाजूला नेला की उणे होतो.

“क्यों होता है?”

शहपुऱ्याहून निघालेला प्रश्न पंचवीस वर्षांनी घमापुरात येऊन पोहोचला होता. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. कुठलाच आकडा उडी मारत नाही, आपण दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट करतो, हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण तोंडाने सांगणं वेगळं आणि समोरच्याला दिसणं वेगळं. मी फळ्यावर तराजू काढला. दोन्ही पारडी सारखी. पूनम म्हणाली, “तराजू तो झूठा होता है, मैडम जी. सब्ज़ीवाला तो रोज़ डंडी मारता है.” वर्ग हसला, मीही. पण तराजू गेला तो गेलाच. आठवडाभर मी आणखी काही काही करून बघितलं. ती न समजलेली ओळ वहीत उतरवायला तयार नव्हती. बाकीच्या मुली पटापट पक्षांतर करून मोकळ्या होत होत्या, आणि सगळ्यात हुशार पोरगी कोऱ्या वहीसमोर बसून म्हणत होती, “मुझसे नहीं होगा.” घरीही ती तेच म्हणायला लागली होती. आठवीनंतर बस, असं.

एका रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. या वेळी निर्मलाबाईंनी बसायला स्टूल दिलं. टेबलावर शिवून झालेल्या सुटांचे बांधलेले गठ्ठे होते, आणि काही सूट सुटे. ते बघून मला सुचलं. आधीपासून ठरवून गेले होते असं सांगितलं तर खोटं होईल. मी विचारलं, “या सगळ्या गठ्ठ्यांत सूट सारखेच असतात का?”

“सारखेच. नाही तं दुकानवाला परत करते.”

मी टेबलाच्या एका टोकाला पाच गठ्ठे ठेवले आणि तीन सुटे सूट. दुसऱ्या टोकाला दोन गठ्ठे. सुटे सूट अठरा पाहिजे होते, तेवढे नव्हते, म्हणून बाकीच्यांच्या जागी दुपट्टे ठेवले. मग म्हटलं, “समजा, या टोकाला जेवढे सूट आहेत तेवढेच त्या टोकाला आहेत. गठ्ठा सोडायचा नाही. एका गठ्ठ्यात किती, सांगा.”

मी हे पूनमला विचारलं होतं. ती बोट चावत बघत राहिली. निर्मलाबाई चहा गाळत होत्या, तिथूनच म्हणाल्या, “दोन्हीकडचे दोन-दोन गठ्ठे बाजूले ठेवा ना आधी. सारखे आहेत तं काहून उगीच मोजत बसायचं?”

पूनमने आईकडे बघितलं. मग पुढे होऊन या टोकाचे दोन गठ्ठे उचलून खाली ठेवले. त्या टोकाचे दोन उचलून खाली ठेवले. इकडे उरले तीन गठ्ठे आणि तीन सुटे. तिकडे नुसते अठरा सुटे.

“अरे,” ती म्हणाली. “अब तो आखिर मिल गया.”

पुढचं मला सांगावं लागलं नाही. तिने दोन्हीकडचे तीन-तीन सुटे काढले, पंधरा उरले, तीन गठ्ठ्यांत वाटले. “पाँच!” मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, “मतलब दो एक्स उस पार गया ही नहीं? दोनों तरफ से हटा दिया?”

“कोणीच कुठे जात नाही,” मी म्हटलं.

तिने दप्तर आणलं आणि त्याच टेबलावर लिहिलं. ५x + ३ − २x = २x + १८ − २x. तिच्या हातची ती पहिली पूर्ण पायरी. मग खालची, मग त्याच्या खालची. ओळी वाकड्या होत्या, बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली नव्हती. मी काही बोलले नाही.

निर्मलाबाई चहाचा कप हातात घेऊन वहीकडे बघत होत्या. पाचवीत शाळा सुटलेली बाई. म्हणाल्या, “एवढंच असते का बीजगणित? मले वाटे काहीतरी मोठं असन. अजून एक टाका बरं.”

मी अजून एक घातलं. एका टोकाला चार गठ्ठे, त्यातला एक दोन सुटांनी कमी भरलेला. दुसऱ्या टोकाला दोन गठ्ठे आणि सहा सुटे. त्यांनी आधी कमी पडलेले दोन भरले, “अन् तिकडे पण दोन टाकायले लागतील, नाही तं सारखं कसं राहीन?” आणि मग दोन-दोन गठ्ठे काढले. आठ उरले, दोन गठ्ठे, एकात चार. चहा थंड झाला. दुकानात माल पोहोचवायचा होता, त्याला उशीर झाला. त्या दिवशी आम्ही तिघींनी सात समीकरणं सोडवली.

नंतर मी ‘इस पार, उस पार’ची ओळ वर्गातून काढून टाकली. जुन्या मुली भेटल्या की अजूनही तीच म्हणून दाखवतात आणि मी ओशाळते. निर्मलाबाईंनी उरलेल्या कापडाच्या कतरनीच्या चाळीस छोट्या पिशव्या शिवून दिल्या. त्यांत आम्ही चिंचोके भरायचो आणि पहिले पंधरा दिवस वहीला हात न लावता टेबलावरच समीकरणं सोडवायचो. तपासणीला आलेले एक साहेब विचारू लागले, “यह क्या खिलौने लगा रखे हैं? किताब में तो पक्षांतर है.” पहिल्या बाकावरच्या मुलीने त्यांच्यासमोर पिशव्या मांडल्या आणि त्यांनाच एक प्रश्न घातला. साहेब “अच्छा, अच्छा” म्हणत पुढच्या वर्गात गेले. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला कळलं नाही.

पूनमबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. मला वाटलं होतं ती गणितात एम.एस्सी. करेल. तिने बारावीला गणित घेतलं, चांगले गुण मिळवले, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात फिजिक्समध्ये अडकली आणि कॉलेज सोडलं. मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाही. आज ती सूट बनवणाऱ्या एका मोठ्या युनिटमध्ये कटिंगचं काम बघते. कापड कसं अंथरायचं, किती थर लावायचे, साइझ कसे बसवायचे म्हणजे कमीत कमी कापड वाया जाईल, हे ती कागदावर मांडते. हे काम तिथे आजपर्यंत पुरुषच करत होते. आता तिच्या हाताखाली तिघे जण आहेत, तिघेही तिच्यापेक्षा मोठे. मी एकदा बघायला गेले होते. तिने वही दाखवली. तिथे एक्स होता, वाय होता, आणि मला न कळणारं बरंच काही. मला जी पूनम पाहिजे होती ती झाली नाही याचं थोडं वाईट वाटायचं, ते त्या दिवशी गेलं.

मी निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी निर्मलाबाई घरी आल्या. पोरीच्या लग्नाचं बोलायला आल्या असतील असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. म्हणाल्या, “मॅडम, तवा हातानं केलं होतं. आता मले ते लिवून करायचं आहे. तुमच्याकडे आता टाइम आहे, माझ्याकडे पण आहे.”

“परीक्षा द्यायची आहे का?” मी विचारलं.

“नाही. कायले परीक्षा? मले आवडते.”

पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत गल्लीतल्या आणखी चौघी आल्या. एक अंगणवाडीत मदतनीस, बाकीच्या शिवणकाम करणाऱ्या. दोघींना अक्षरं लावून वाचावी लागत होती, पण आकडे सगळ्यांचे पक्के होते. दुपारची जेवणं आटोपली की त्या यायच्या, हे चहा करायचे आणि “चलो, क्लास भर गई” म्हणून मागच्या खोलीत निघून जायचे. वर्षभरात आम्ही सातवीचं पुस्तक संपवलं, मग आठवीचं. अपूर्णांकांवर दोन महिने भांडणं झाली. एक जण रागावून तीन रविवार आली नाही, मग आली. गेल्या महिन्यात आठवीच्या समीकरणांचा शेवटचा सराव संपला. मी वही मिटली आणि म्हटलं, झालं बायांनो.

निर्मलाबाई म्हणाल्या, “झालं म्हणजे? याच्यापुढे का असते?”

“पुढे नववीत दोन चलांची समीकरणं असतात. एक्स पण माहीत नाही, वाय पण माहीत नाही.”

“दोन-दोन गोष्टी एका वेळी माहीत नाही, अन् तरी काढता येतात?”

“येतात.”

“मंग आणा ना पुढच्या रविवारी.”

मी हो म्हटलं खरं, पण नववीला मी कधीच शिकवलं नाही. ते गणित मी स्वतः शाळेत केलं त्याला आता पन्नास वर्षं व्हायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून कमानिया गेटला गेले आणि तिथल्या पुस्तकांच्या दुकानात नववीच्या गणिताच्या सहा प्रती मागितल्या, पाच त्यांच्या आणि एक माझी. दुकानातला तरुण पुस्तकं काढता काढता म्हणाला, “आंटी जी, कोचिंग चलाती हैं? बच्चे किस स्कूल के हैं?”

“स्कूल के नहीं हैं,” मी म्हटलं. “पाँच लड़कियाँ हैं. सबसे छोटी अड़तीस की है.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, सहाही पुस्तकं सुतळीने नीट बांधली, आणि वर एक पेन्सिलींचा डबा ठेवून दिला.